वाडीजवळची नऊ मिनिटं

मी सैन्यात गाड्यांचा मेकॅनिक होतो. शेवटची तीन वर्षं नागपूरला, अमरावती रोडवरच्या एका कॅम्पच्या वर्कशॉपमध्ये काढली. हुद्दा हवालदार. नायब सुभेदार व्हायला हवा होतो. का झालो नाही, ते याच हकिकतीत येतं.

त्या सकाळी 05:50 ला लान्सनायक देवीदास नेवारेला बराकीत मण्यार चावला. देवीदास सावनेरचा, आमच्या ॲम्ब्युलन्स व्हॅनचा ड्रायव्हर. दुसरा ड्रायव्हर रजेवर होता, म्हणून स्टिअरिंग मी घेतलं. मागे देवीदासजवळ नर्सिंग असिस्टंट बसला. हॉस्पिटल शहराच्या पलीकडे. 06:12 ला गेट सोडलं.

वाडीच्या गोदामांजवळ 06:24 ला ऑइलचा लाल दिवा लागला. इंजिनात ऑइलचं प्रेशर पडलं की तो लागतो. तशीच गाडी दामटली तर इंजिन जाम होतं. पण आवाज स्वच्छ होता. मग दिवा आणि इंजिन, दोघांत खोटं कोण? मी गाडी बाजूला घेतली.

मागून देवीदास बोलला. पापण्या मिटत होत्या, जीभ जड झाली होती.

"काहून थांबले उस्ताद? दिवा खोटा हाय. कालपासून असाच करून राहिला. सेन्सर गेला त्याचा."

"मग रिपोर्ट काहून नाही दिला?" मी ओरडलो.

"आज देनार होतो नं. तं आज हा साप आला. चाला तुमी."

मी रेडिओ उचलला. कॅम्पवरून ड्यूटी ऑफिसर बोलले.

"इंजिन बंद. दुसरी गाडी येते. चाळीस मिनिटं. ओव्हर."

"सर, पंधरा मिनिटं द्या. मी काढतो. ओव्हर."

"नो. वेट."

"दहा."

खरखरीतून साहेबांचा आवाज आला.

"दहा. आउट."

इंजिन सीटखाली असतं, म्हणून सीट उचलली. सेन्सर अंगठ्याएवढा, त्याचा कनेक्टर तेलानं भिजलेला. सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर मोजायचा गेज बसवला, इंजिन सुरू केलं. काटा सरळ वर गेला. प्रेशर पूर्ण होतं. किटमध्ये जुन्या गाडीचा एक चांगला सेन्सर होता. आधी हातानं आटे धरले, मग पान्यानं आवळला. दोन बोटं भाजली. दिवा विझला. 06:33.

06:58 ला हॉस्पिटल गाठलं. तोवर देवीदासला नर्सिंग असिस्टंट पंपानं श्वास देत होता. तिसऱ्या दिवशी देवीदास गेला.

चौकशी झाली. रेडिओ लॉगमध्ये ते 'दहा' नव्हतं, आणि साहेबांनाही आठवलं नाही. आदेश मोडून गाडी पुढे नेली, असा शेरा माझ्या कागदांवर पडला. तो राग अजून आहे. पण थांबलो का, हे कोणीच विचारलं नाही. मी तो काढलेला सेन्सर हॅकसॉनं कापून पाहिला. आतल्या पातळ पडद्याला केसाएवढी चीर होती. नऊ मिनिटांनी फरक पडला असता का, हे तीन डॉक्टरांना विचारलं. तिघांनीही सांगता येत नाही म्हटलं.

सावनेरला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला सगळ्या वेळा सांगितल्या. तिनं एकच विचारलं.

"गाडी ठीक हाय, असं त्यायनं सांगतलं होतं नं तुमाले?"

"सांगितलं होतं."

लान्सनायक देवीदास नेवारे, ड्रायव्हर. त्याचं बरोबर होतं.