डावीकडचा दांडा

११ ऑक्टोबर २०११, मंगळवार. सकाळी ढग, दुपारी ऊन. सातच्या मिस्सेला गेले. येताना अर्धा किलो घेवडा घेतला. रुजेरो साडेतीनच्या गाडीने तुरीनहून आला. रविवारी जाणार. सामान एकच पिशवी. चार वाजता आनिएल्लो यंत्राबद्दल बोलून गेला. रुजेरोने कॉफी घेतली नाही.

एवढं लिहून एर्मेलिंदाने पेनाला टोपण लावलं. घडलं ते लिहावं, वाटलं ते देवाला सांगावं, ही शिस्त तिला मठाच्या शाळेत सिस्टर बेनिन्याने लावली होती. अकराव्या वर्षापासून सत्त्याहत्तराव्या वर्षापर्यंत तिने ती एक दिवसही मोडली नव्हती. बाळंतपणाच्या दिवशीही दोन ओळी आहेत. मार्चमध्ये तिचा नवरा सबातिनो गेला त्या दिवशीही आहेत: वेळ, डॉक्टरचं नाव, आणि कोणत्या शेजारणीने खुर्च्या दिल्या ते.

आनिएल्लो नेमकं काय बोलला ते मात्र तिने लिहिलं नव्हतं. चौकातल्या बारचा हा म्हातारा मालक घराखालच्या तळघरातल्या सबातिनोच्या कारखान्याच्या दारात येऊन ओरडला होता, "काय रे जबडेमोड्या! आलास का शेवटी? ये, घाबरू नको. आता सगळे दात कवळीचे आहेत, त्यांचं काय वाकडं करशील!"

रुजेरो बावन्न वर्षांचा बाप्या, पण शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा भिंतीला टेकला. "काका, कसे आहात?"

"कसा असणार? नवीन यंत्राचं बटण दाबतो नि पायमोजे उकळल्यासारखी कॉफी येते. गिऱ्हाइकं प्यायच्या आधी क्रूसाची खूण करतात. डोन्ना एर्मेली, सांगा तुमच्या लेकाला. माझं जुनं दांड्याचं यंत्र उभं करून दे म्हणावं, जबडा माफ."

आणि तो हसला होता. हसताना त्याचं अर्धंच तोंड हसे. उरलेलं अर्धं सव्वीस वर्षांपूर्वी, त्याच यंत्राच्या डावीकडच्या दांड्याने कायमचं खाली ओढलं होतं.

ते दोन दांड्यांचं यंत्र आता कारखान्यात मधोमध चादरीखाली होतं. बारने बटणांचं यंत्र घेतलं तेव्हा सबातिनोने हे घरी आणलं, आणि दहा वर्षांत एकदाही उघडलं नाही. महिनाअखेरीला कारखान्याची खोली रिकामी करून द्यायची होती. ही निमित्तं पुरेशी होती, म्हणून एर्मेलिंदाने लेकाला बोलावलं. खरं कारण तिच्या कपाटात, १९८५ च्या वहीत होतं. मरायच्या आधी ते पान लेकाला वाचून दाखवायचं, असं तिने नवऱ्यासाठी वर्षभराच्या मिस्सा चर्चमध्ये सांगून ठेवतानाच ठरवलं होतं. ठरवणं सोपं होतं.

सबातिनो मातेर्देई या वस्तीतला नावाजलेला कारागीर. वस्तीतल्या निम्म्या बारमधली यंत्रं त्याच्या हाताखालून गेलेली. त्याच्या कामाचा एकच कायदा: ज्याने डोकं उघडलं, त्यानेच मिटायचं. मध्ये पोप आला तरी दुसऱ्याने हात घालायचा नाही. दांड्याखालच्या त्या पितळी डोक्यात जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि तिच्याखाली दट्ट्या. दट्ट्यावरच्या रबरी सीलची पातळ ओठासारखी कड ज्या बाजूला हवी त्याच बाजूला बसली, तर पाणी दट्ट्याखाली दबून राहतं आणि सोडलेला दांडा शहाण्यासारखा हळूहळू वर जातो. कड उलटी बसली, तर पाणी निसटतं, स्प्रिंगला अडवायला कोणी उरत नाही, आणि लोखंडी दांडा वर झेपावतो. वाकलेला माणूस समोर असला, तर त्याच्या तोंडावर.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारी बारला सुट्टी होती. यंत्राचं उजवं डोकं सबातिनोने उघडलं आणि मिटलं, डावं रुजेरोने. मंगळवारी सकाळी पहिल्याच कॉफीला डावा दांडा आनिएल्लोच्या जबड्यावर बसला. तेव्हा तो तिथे नोकर होता. इस्पितळाच्या दारात मालकाने विचारलं, "डावं कोणाचं?" सबातिनो म्हणाला, "माझ्याकडे कायदा आहे. ज्याने उघडलं त्यानेच मिटलं." त्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. रुजेरोनेही नाही. आपण नीट बसवलं होतं असं त्याला आठवत होतं, पण बापाच्या कायद्यापुढे स्वतःच्या आठवणीवर त्याचा विश्वास बसला नाही. तीन महिन्यांत त्याने तुरीनला बस-आगारात तिकिटांच्या खिडकीमागची नोकरी धरली. नाताळात घरी येई तेव्हा चौक टाळून मागच्या दीडशे पायऱ्या चढून येई. बापाच्या अंत्ययात्रेलाही तो त्याच पायऱ्यांनी आला आणि त्याच पायऱ्यांनी गेला.

बुधवारी तो कामाला लागला. एर्मेलिंदा पायऱ्यांजवळ खुर्ची टाकून बसली. त्याने बॉयलर सोडवून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात घातला. पाणी फसफसलं, चुन्याचे पोपडे सुटून खाली बसले. मग त्याने डोक्याला दोन लांब बोल्ट लावले आणि स्प्रिंग अर्ध्या अर्ध्या आट्याने सैल करत आणली. हात विसरले नव्हते. जुनी सीलं इतकी कडक झाली होती की नखाने तुटत होती. त्याने ती फेकली नाहीत, फडक्यावर ओळीने मांडली. सबातिनोही तशीच मांडत असे. एर्मेलिंदाने नजर दुसरीकडे वळवली.

"भूक लागली का रे?"

"नाही. आई, तू वर जा, गारठशील."

"पन्नासावर वर्षं या घरात गारठतेय. आता काय व्हायचं राहिलंय?"

तो थोडासा हसला. तिला वाटलं, आत्ता सांगावं. तेवढ्यात त्याने पितळ घासायला घेतलं आणि त्या आवाजात ती वर निघून गेली.

गुरुवारी दुपारी उजवं डोकं मिटून झालं. डाव्यातही नवी सीलं घालायची होती. त्याने ग्रीस लावलं, सील दट्ट्यावर चढवलं, कडेवरून बोट फिरवलं. काढलं. पुन्हा चढवलं, पुन्हा काढलं. असं चारदा झाल्यावर त्याने दट्ट्या फडक्यावर ठेवला आणि हात पुसले.

"हे डोकं मी मिटणार नाही. तू दुसरा कोणी बघ."

"अरे, उजवं केलंस की."

"उजवं बाबांचं होतं." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "आई, तिकडे माझ्या पोरीच्या सायकलची साखळी पडायची ना, तीसुद्धा मी बसवली नाही. दुकानात न्यायचो. ती म्हणायची, पप्पा, सगळ्यांचे बाबा बसवतात. मी म्हणायचो, मला येत नाही."

एर्मेलिंदा उठली. वर जाऊन वही काढायला तिला दोन मिनिटं लागली आणि खाली यायला दहा. पान तिला शोधावं लागलं नाही. चष्मा लावून ती उभ्याने, शाळेत धडा वाचावा तशी वाचू लागली.

"१८ नोव्हेंबर, सोमवार. पाऊस नाही. सबातिनो सहा वाजता किल्ली घेऊन पुन्हा बारमध्ये गेला. डावं डोकं उघडून रुजेने बसवलेली सीलं काढली आणि स्वतः पुन्हा बसवली. चष्मा घरीच राहिला होता. जेवताना म्हणाला, पोराचं काम तसं ठीकच होतं, पण हात राहवेना. बांगडे तळले."

रुजेरोने वही तिच्या हातातून घेतली. स्वतः वाचलं. तारीख पाहिली, मग पुढचं पान उलटून पाहिलं. तिथे मंगळवारी आनिएल्लोला नेलेल्या इस्पितळाचं नाव होतं आणि त्याखाली धुण्याची यादी.

"ठीकच होतं म्हणाले?"

"हो."

"माझ्या कामाला?"

"हो, रुजे."

त्याने ती एक ओळ पुन्हा वाचली. बापाने आयुष्यात त्याच्या कामाला म्हटलेलं हे एवढंच चांगलं, आणि तेही त्याच्यामागे, बांगड्यांच्या ताटावर.

"तुला त्याच दिवशी माहीत होतं."

"मला वाटलं, तो बोलेल. रोज वाटायचं, आज बोलेल. मग तू गेलास. मग वाटलं, मी बोलले तर तू परत येशील, पण वस्तीत त्याला कोणी यंत्राला हात लावू देणार नाही. त्याला दुसरं काय येत होतं?"

"मला तरी दुसरं काय येत होतं?"

त्याने वही मिटून तिच्या हातात दिली, दट्ट्या उचलला, कड चाचपली, आणि एका दमात डावं डोकं मिटलं. बोल्ट आवळताना मात्र त्याचे खांदे हलत होते. ती त्याच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झाली. तो म्हणाला, "आत्ता नको, आई. स्प्रिंग दाबलेली आहे."

शुक्रवारी सकाळी आनिएल्लोने तीनचाकी टेम्पो आणला. चौघांनी यंत्र बारमध्ये नेऊन बसवलं. यंत्र तापायला पाऊण तास लागला. तेवढ्यात निम्मी वस्ती जमली. सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदाच रुजेरो चौकातून चालत आला होता. एर्मेलिंदाने वही पिशवीत घेतली होती. रात्रभर तिने वाक्य जुळवलं होतं, छोटंसं: आनिएल्लो, ते सबातिनोने केलं होतं, माझ्या लेकाने नाही.

दोन्ही डोक्यांतल्या पहिल्या कॉफ्या रिवाजाप्रमाणे मोरीत ओतल्या. मग आनिएल्लोने डावा दांडा खाली ओढला आणि नाटकीपणाने तीन पावलं मागे उडी मारली. सगळे हसले. दांडा सावकाश, शहाण्यासारखा वर गेला. कपात दाट, मातकट तांबडी साय धरली.

"काय रे जबडेमोड्या," आनिएल्लो आपल्या वाकड्या तोंडाने मोठ्याने म्हणाला, "या वेळी सीलं सुलटी घातलीस म्हणायची!"

रुजेरोने आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. तो फक्त वाट पाहत होता. काउंटरमागच्या भिंतीवर सबातिनोचा फोटो होता आणि त्याखाली लिहिलं होतं, 'उस्ताद सबातिनो, आमच्या कॉफीचा बाप'. पिशवीत हात घालून तिने वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर धरलं. वाक्य जिभेवर होतं. शेजारच्या कोणीतरी म्हटलं, "डोन्ना एर्मेलिंदा, तुमचे मालक वरून बघत असतील हो." तिने मान हलवली आणि तोंडातून निघालं, "हो, बघत असतील."

"हो काका," मग रुजेरो म्हणाला. "या वेळी नीट घातली."

टाळ्या पडल्या. आनिएल्लोने त्याच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं.

बाहेर आल्यावर ती त्याच्या बाहीला धरून म्हणाली, "मी आत जाते परत. आत्ता सांगते. थांब."

"नको."

"रुजे..."

"आत सांगायचं होतं, आई. आता मीच कबूल करून आलो." त्याने तिचा हात बाहीवरून हलकेच सोडवला आणि थोडा वेळ आपल्या हातात ठेवला. त्याच्या नखांत अजून ग्रीस होतं. "त्यांचं नाव भिंतीवर आहे, राहू दे. माझं तुरीनला कोणी विचारत नाही."

"रविवारपर्यंत राहणार होतास."

"हो."

दुपारी सव्वादोनची गाडी होती. तिने त्याला पाव आणि चीज बांधून दिलं, ते त्याने घेतलं. वही देऊ केली, ती नाही घेतली. "तुझी आहे ती," म्हणाला. दारात त्याने तिच्या कपाळावर ओठ टेकले आणि गल्लीच्या तोंडाशी तो चौकाकडे न वळता पायऱ्यांकडे वळला. दीडशे पायऱ्या. पिशवी खांद्यावर घेऊन तो उतरू लागला. ती गॅलरीतून त्याचं टक्कल दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिली.

संध्याकाळी तिने चालू वर्षाची वही उघडली. घडलं ते लिहायचं होतं. तिने तारीख टाकली, शुक्रवार लिहिलं. बारमध्ये गेलो, यंत्र चालू झालं, रुजेरो सव्वादोनच्या गाडीने गेला, इतकं लिहून झालं. त्यापुढे, बारमध्ये आपण ते वाक्य बोललो नाही, हेही घडलेलंच होतं. वाटलेलं नव्हतं, घडलेलं. सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतःच्या हातून घडलेली गोष्ट गाळली, आणि खाली लिहिलं:

मागच्या खोलीतल्या रुजेरोच्या पलंगाची चादर काढून भिजत घातली. धुण्याचा साबण संपत आला आहे.