मंत्राचा शब्द ‘क’चा निघाला

मी अडखळत बोलतो. ‘क’ने सुरू होणारा शब्द आला की घसा बंद होतो आणि लवकर उघडत नाही. राहायला कल्याणला, म्हणून अख्खं कॉलेज मी ‘डोंबिवलीच्या पुढे’ असं सांगत काढलं. शब्द बदलायचा, मध्येच खोकायचं, नाहीतर गप्प बसायचं. ऑफिसात कुणाला पत्ता नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

ऑफिस ठाण्यात, घोडबंदर रोडला. तिथल्या एका मैत्रिणीने मला तिच्या घरच्या खेळात ओढलं. शनिवारी दुपारी कोलशेतला तिच्याकडे आम्ही चौघं जमायचो: ती, तिचा नवरा, शेजारच्या रिटायर झालेल्या काकू आणि मी. ती एक गोष्ट रंगवायची, आम्ही तिघं त्यातली पात्रं. आपण काय करतो ते बोलून सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवणार. नवरा योद्धा, काकू चोर, मी मांत्रिक. लोकांची मनं वळवणारा. हे पात्र मी मुद्दाम घेतलेलं. बाकीच्यांना पहारेकऱ्यांशी हुज्जत घालावी लागायची. मी नुसतं ‘मंत्र टाकतो’ म्हणायचो, फासा टाकायचो, आणि पहारेकरी बाजूला व्हायचा.

मग गोष्ट राजाच्या मेजवानीपर्यंत आली. काकूंचा चोर तळघरात कैद झालेला, सकाळी त्याला फाशी होती. प्रधानाच्या हुकुमाशिवाय दार उघडणार नव्हतं.

“प्रधानावर मंत्र टाकतो,” मी म्हणालो.

“भर दरबारात?” मैत्रीण म्हणाली. “पुटपुटलास तरी ऐकू जाईल. मांत्रिक सापडला तर तिथे जिवंत जाळतात.”

“मग लपवून टाकतो.”

“चालेल. पण खरंच लपवायचास हं. मी तुला एक शब्द देते, तोच मंत्र. पुढच्या शनिवारी प्रधानाशी गप्पा मारता मारता तो बोलून जायचा. हे दोघं कान देऊन ऐकतील. दोघांपैकी एकाने जरी ओळखला तरी दरबाऱ्यांनी ओळखला.”

काकू एकदम खूश. “मी तर ओळखणारच! माझाच जीव गेला तरी बेहत्तर.”

मी घरी पोचायच्या आत मोबाइलवर शब्द आला: कापूर.

तो आठवडा कसा गेला, सांगता येत नाही. बाथरूममध्ये एकट्याने म्हटलं की शब्द लोण्यासारखा निघायचा. एकटा असलो की मी कधीच अडकत नाही. एकदा आईसमोर करून बघितलं. “आई, देवघरातला क...” एवढ्यावर अडकलो. “कापूर ना? डबीत आहे बघ,” आई म्हणाली. ती माझे शब्द असेच पुरे करत आलीये. शुक्रवारी ‘तब्येत बरी नाही’ असा मेसेज टाइप केला. पाठवणार तेवढ्यात काकूंचा आला: ‘उद्या सोडवायला येतोयस ना रे मला?’ मी माझा खोडून टाकला.

शनिवारी घोडबंदरला ट्रॅफिकच नव्हतं. नेमकं त्या दिवशी.

मैत्रिणीने प्रधानाचा जाडा आवाज काढला. “या पाहुणे. पंगत आवडली ना?”

मी तयारी करून गेलेलो. दोघांना चकवायला मागेपुढे दोन वासाचे शब्द पेरायचे ठरवलेले. “उत्तम,” म्हणालो. “दालनात वासही छान येतोय. वाळा असावा. चंदन तर आहेच. आणि...”

आणि अडकलो. जबडा धरल्यासारखा झाला. डोळे आपोआप मिटले, हनुवटी थरथरायला लागली. पंख्याचा आवाज मोठा झाला. आता इथेच आपला जीव जाणार, असं वाटलं. गोष्टीतल्या मांत्रिकाचा नाही, माझा. कुणीतरी शब्द पुरा करेल म्हणून वाट बघत होतो. मैत्रिणीने केला नाही. ती प्रधान होऊन शांत बसून राहिली.

“...क-क-कापूर,” मी म्हणालो. शर्ट पाठीला चिकटलेला.

“ओळखा,” ती म्हणाली.

“चंदन,” नवरा म्हणाला.

“वाळा!” काकू ओरडल्या.

“चूक. कापूर.”

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. “अरे, पण तेव्हा तर मी खाली बघत होतो, शब्दाकडे लक्षच नव्हतं. म्हटलं, अडकलाय, उगाच कशाला अवघडवायचं.”

“मीसुद्धा बशीतल्या वड्याकडे बघत बसले,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे तुम्हाला माहितीये?”

“अरे बाळा, पहिल्याच दिवशी ओळख करून देताना किती खोकलास! न कळायला काय झालं?”

“ऑफिसात?” मी मैत्रिणीला विचारलं.

तिने मान हलवली. “माहितीये सगळ्यांना. पण ‘क’ला अडकतोस, हे खरंच माहीत नव्हतं रे. नाहीतर हा शब्द दिला नसता. सॉरी.”

मीटिंगमधला एकेक खोकला आठवला. बदललेला प्रत्येक शब्द. मला वाटत होतं मी लपून आहे, आणि सगळे समजून-उमजून दुसरीकडे बघत होते. अडकण्यापेक्षा हे भयंकर होतं. चपला घालून निघून जावंसं वाटलं. दारापर्यंत नजर गेलीसुद्धा.

“प्रधान तुझ्या ताब्यात आहे,” मैत्रीण हळूच म्हणाली. “त्याला हुकूम काय करतोस?”

‘त्या चोराला सोडा’ हे वाक्य जिभेवर तयार होतं. त्यात कुठेच अडकलो नसतो. पण आता लपवायचं कुणापासून? “क... क... कैद्याला सोडा,” मी म्हणालो. बराच वेळ लागला. या वेळी कुणी खाली बघितलं नाही. तिघं थेट माझ्या तोंडाकडे बघत होती.

काकू सुटल्या. सुटल्या सुटल्या त्यांनी प्रधानाची अंगठी चोरली, त्यावरून पुढे बरंच रामायण झालं.

भीती गेलीये असं नाही. सोमवारच्या कॉलवर माझी पाळी जवळ आली की कधीकधी मी अजून खोकतोसुद्धा.