अल्कधर्मी अंगणातली ब्लूबेरी

नाशिकच्या काळ्या मातीशी उघड वैर धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्याच नात्यात निघाला: माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. द्राक्षं, कांदा, टोमॅटो, जे लावाल ते देणारी ही माती काकांच्या लेखी नालायक होती, कारण तिच्यात ब्लूबेरी येत नव्हती. पॉलिटेक्निकात जन्मभर रसायनशास्त्र शिकवून काका निवृत्त झाले, दोनेक वर्षांनी मुलीकडे अमेरिकेला जाऊन आले आणि ते निळं फळ डोक्यात घेऊनच परतले. हिमाचलातल्या ओळखीच्या माणसाकडून सहा रोपं मागवली. महिन्याभरात सहाही पिवळी पडून मेली.

पुढच्या रविवारी मी गंगापूर रोडच्या त्यांच्या घरी गेले, तर मावशीच्या मोगऱ्याच्या जागी पुरुषभर खड्डा आणि तळाशी काकांचं टक्कल! मी किंचाळलेच. "घाबरतेस काय?" खालून आवाज आला. "आपली माती अल्कधर्मी आहे. ब्लूबेरीला आम्ल लागतं. मातीच बदलतोय." शेजारचे आजोबा कुंपणावरून विचारत होते, "सेप्टिक टँक का हो?"

त्या खड्ड्यात पेठ तालुक्याकडची तांबडी माती आली, कुजलेला पालापाचोळा आला, द्राक्षबागवाल्यांकडचं गंधक आलं. बोअरचं पाणी जड, म्हणून पावसाचं पाणी साठवायला न्हाणीघरात दोन पिंपं आली आणि मावशीची आंघोळ कोपऱ्यात गेली. काका त्या पाण्यात मोजून व्हिनेगर घालत. गल्लीभर लोणच्याचा वास सुटे. लिटमसची पट्टी सदऱ्याच्या खिशात कायमची. एकदा जेवताना त्यांनी ती सरळ वरणात बुडवली आणि गंभीरपणे म्हणाले, "उदासीन." आम्ही घास हातात धरून थिजलो. मावशी शांतपणे म्हणाली, "वरण नाही, मी झालेय उदासीन."

दुसऱ्या खेपेची रोपंही मेली. तिसऱ्या खेपेतलं एकच जगलं आणि चौथ्या वर्षी त्याला अकरा फळं धरली. काकांनी आम्हां सगळ्यांना बोलावलं. पहिलं फळ मावशीच्या तळहातावर ठेवलं. तिने चावलं, डोळे मिटले. "करवंदासारखं लागतंय." आता स्फोट होणार म्हणून आम्ही श्वास रोखले, तर काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटले.

पुढच्या उन्हाळ्यात ते झुडूप वाळलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात काकाही गेले.

परवा मी मावशीला म्हटलं, "किती छळलं गं तुला त्या ब्लूबेरीने!" ती भाजी निवडायची थांबली. "रिटायर झाल्यावर दोन वर्षं हा माणूस भिंतीकडे बघत बसायचा," ती म्हणाली. "बोलायचा नाही, जेवायचा नाही. मोगरा उपटला तेव्हा मी खूप ओरडले, पण त्या दुपारी खड्ड्यातून वर आले आणि आपणहून म्हणाले, अजून एक पोळी वाढ."

मावशीने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.