खळ लागलेली दोन पानं

सन २०२४. माझं वय शहात्तर. शाळा तिसरीपर्यंत. बाराव्या वर्षी हिमरू कापडाच्या मागावर बसलो, शाली विणल्या, आणि माग बंद पडले तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागलो तो रिटायर होईपर्यंत. नीट वाचायला मला बायकोनं शिकवलं, लग्नानंतर, आणि तेही बायबलावरच. लग्नात चर्चच्या मंडळीनं भेट दिलेली प्रत होती. ती बाई आता नाय, प्रत आहे. दुसरं पुस्तक मी कधी वाचलं नाय आणि गरजही वाटली नाय.

माझी रीत ठरलेली. सकाळी हातपाय धुवून बसायचं, ओळीखाली बोट धरायचं आणि मोठ्यानं वाचायचं. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत जायला मला दोन वर्षं लागतात. फेरी पुरी झाली की शेवटच्या कोऱ्या पानावर एक रेघ. अशा तेवीस रेघा झाल्या होत्या. लोक वंशावळी आल्या की पानं उलटतात. मी नाय उलटली. असा उलटणारा कुणी भेटला तर तोंडावर विचारायचो, देवानं लिहून घेतलेलं तू गाळणारा कोण? आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, काही जण मला बघून दुसऱ्या दारानं बाहेर पडायचे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं.

यंदा बायबल-रविवारी पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांपुढं उभं राहून बोलायला, सांगितलं. तेवीस वेळा शब्दन् शब्द वाचणारा माणूस म्हणून. वर एक शालही देणार होते.

आता सुनेचं सांगतो. ती बारावी शिकलेली, आणि तिला ख्रिस्ती पुस्तकांचं वेड. रोजची मननं, अभ्यासाची पुस्तकं, जाडजूड समालोचनं, देवळातल्या कपाटातून एकामागं एक आणायची. मी ती बैठकीत ठेवू देत नव्हतो. शास्त्र पुरेसं असताना त्याच्यावरची पुस्तकं कशाला? समोरचं ताट सोडून स्वयंपाकाच्या गप्पा ऐकण्यातला प्रकार. मग ती पुस्तकं स्वयंपाकघरात, ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागं राहायची. तवा तापेपर्यंत ती दोन पानं वाचून काढायची. मला दिसायचं. मी बोलत नव्हतो, पण खाकरायचो.

साक्षीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती पुस्तक हातात घेऊनच बाहेर आली. सासऱ्याला मामा म्हणायची आमच्याकडं पद्धत. म्हणाली,

"मामा, विणकरांचं एक घराणं बायबलात आलंय. तुम्हाला तर ठाऊकच असंल."

मी म्हणालो, असलं काय नाय. मी स्वतः विणकर. असतं तर माझ्या नजरेतून सुटलं असतं व्हय? तुझ्या पुस्तकवाल्यानं पदरचं घातलं असंल.

"पहिले इतिहास, अध्याय चार," ती म्हणाली. "तुम्हीच बघा."

मी माझी प्रत उघडली. नावं, नावं, अमक्याचा मुलगा तमका. तिसरा अध्याय सापडला. पान उलटलं तर पाचवा. मी मागं गेलो, पुढं आलो. चौथा नव्हताच. तिनं तिची प्रत आणली, तिच्यात होता. छापखान्याची चूक, मी म्हणालो. मग मी ते पान चिमटीत धरलं. कापडाचा पोत बोटांनी ओळखण्यात माझी हयात गेली. ते एक पान नव्हतं. दोन होती, एकमेकांना चिकटलेली. कडेला खरबरीत, पिवळट.

आणि मला आठवलं. पहिल्याच फेरीत, वाचायच्या आधीच, ते पान माझ्या हातनं फाटलं होतं. बायको म्हणाली होती, डिंक आणू. मी म्हणालो, विणकराच्या घरात डिंक कशाला? मागावरच्या ताण्याला, उभ्या धाग्यांना, देतो ती खळ, मैद्याची, मी स्वतः शिजवली, पान जोडलं, पुस्तक मिटलं आणि वर पाटा ठेवला. खळ पलीकडच्या पानाला लागली. माझी खळ कधी उकलत नसे, मागाचा मालकसुद्धा तसं म्हणायचा.

म्हणजे तेवीस फेऱ्यांत ती दोन पानं एकदाही वाचली नव्हती. आणि नावं गाळतो म्हणून मी जगाला बोललो होतो. निम्मी वंशावळ उडाली तरी माझ्या ध्यानात आलं नाय, याचा अर्थ बोट ओळीवर होतं, मन नव्हतं. हे मला पानांपेक्षा जास्त लागलं.

सुनेनं माझं तोंड बघितलं असावं. तिनं तिचं पुस्तक मिटलं.

"मामा, दोन पानांचं काय एवढं. मी कुणाला सांगत नाय."

ती मनापासून म्हणाली. गप्प बसलो असतो तर इज्जत राहिली असती, शालही मिळाली असती. मी जेवलो, झोपलो.

रविवारी उपासनेत नाव पुकारलं. मी पुढं गेलो आणि सांगितलं की मी तेवीस वेळा बायबल वाचलेलं नाय. एकदाही पुरं वाचलेलं नाय. पान कसं चिकटलं, कुणी चिकटवलं, सगळं सांगितलं. आणि नावं गाळली म्हणून ज्यांना बोललो त्यांची माफी मागतो, असंही म्हणालो. मागं एक जण हळूच म्हणाला, "आज पुढच्या दारानं जाऊ या." लोक हसले. मला हसू आलं नाय, पण रागही आला नाय. पाळकसाहेब म्हणाले, बाबा, दोन पानांनी काय होतं, शाल घ्या. मी म्हणालो, एक शब्द कमी करू नये हे तुम्हीच शिकवता. शाल घेतली नाय. तशी ती गिरणीचीच होती, वीण सैल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला पातेल्यात पाणी उकळायला सांगितलं. वाफेवर पान धरलं. खळ एकदाची सैल पडली तशी बोथट सुरीनं पानं सोडवली. काही ठिकाणी अक्षरं निघून गेली. ती तिच्या प्रतीतून वाचत गेली आणि मी पेन्सिलीनं भरत गेलो. तागाचं तलम कापड विणणारं घराणं आलं तेव्हा तिला थांबवलं आणि ती ओळ स्वतः वाचली, दोनदा.

मग मी तिला म्हणालो, पिठाच्या डब्यामागचं ते पुस्तक आण, आणि या लोकांविषयी त्यात काय लिहिलंय ते इथं बैठकीत बसून वाच.