बागेत न गेलेल्या दिवसांची वही

आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून धाकट्या बहिणीची वही माझ्याकडे आली. मी सहावीत होते. आम्ही घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत राहायचो आणि आई गिरणीतल्या गाववाल्यांची खानावळ चालवायची. बहिणीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. चेंबूरजवळच्या तिच्या शाळेत मुलांना ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवत. शाळेचा नियम असा, की घरी घडलेली एक गोष्ट पालकांनी रोज वहीत चित्र काढून लिहायची. दुसऱ्या दिवशी बाई त्याच गोष्टीवरून मुलांना बोलतं करायच्या.

आमच्या घरी काय घडायचं? बांगडे साफ व्हायचे, नळावर भांडणं व्हायची. असलं काय लिहायचं? मी निबंधात बक्षीस मिळवलेली, भलतीच शहाणी. मी लिहिलं, ‘आम्ही बागेत गेलो. फुगा घेतला.’ पुढच्या दिवशी आइसक्रीम, मग हत्ती. खाली रंगीत चित्रं. स्वतःवर बेहद्द खूश होते मी.

दिवाळीनंतर बाईंनी आईला बोलावलं. माझ्या शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले. बाई कठोर नव्हत्या, दमलेल्या होत्या. म्हणाल्या, “वहीतलं काहीच ओळखत नाही हो ती. नुसती बघत बसते. बुद्धीच कमी असावी. तिला मतिमंदांच्या शाळेत घाला, ह्या कागदावर सही करा.”

सही तेवढी आईला यायची. तिनं पेन हातात घेतलं, आणि खाली ठेवलं.

“आधी वही वाच गो,” ती मला म्हणाली.

मी वाचली. बाग, फुगा, हत्ती. माझा आवाज बारीक होत गेला.

“ह्या कधी झाला? आपण बागेत कधी गेललाव?”

मी रडायला लागले. आईनं मला मारलं नाही. ती बाईंकडे वळली. “बाई, चूक माझी. वही माका दिलेली, मी ती ह्या थोरल्या चेडवाच्या गळ्यात घातलंय. पण माका इचारल्याशिवाय धाकटीचा काय ठरवू नकात. एक म्हयनो खरा लिवून आणतंय, मगे बघा.”

बाईंनी कागद टेबलावरच राहू दिला.

त्या संध्याकाळी जेवणं उरकल्यावर आईनं पेन्सिल धरली. तिनं दोन वेण्यांची मुलगी काढली, हातात वही, डोळ्यांतून पाणी. मग मला सांगितलं, “लिव. ताईन खोटा लिवल्यान.” मी मुकाट्यानं शुद्ध मराठीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी शाळेत गेलो. बाईंनी ते पान बहिणीसमोर धरलं आणि सावकाश विचारलं, “हे कोण?”

तिनं चित्र पाहिलं, मागे वळून मला पाहिलं. बोट माझ्याकडे रोखलं आणि खुदकन हसली. मग ओठ जुळवत, घशातून जोर काढून म्हणाली, “ता... ई.”

बाईंनी टेबलावरचा कागद उचलून खणात टाकला. आई पदरानं डोळे पुसत होती. सहा वर्षं झाली होती बहिणीला, आणि तिनं मला पहिल्यांदा हाक मारली ती अशी, चोर पकडल्यासारखी.