न चालवता वाचलेला प्रोग्राम

मुरबाडच्या पशुखाद्य कारखान्यात मी पोचले, तेव्हा मॅनेजरच्या खोलीबाहेर एक माणूस भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. मला बघून तो उठला नाही. नुसतं म्हणाला, "मी नाय टाकला ओ. मशीनच टाकते. मी कशाला टाकू?"

मी त्या वेळी ठाण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. कारखान्याचा प्रोग्राम आमचाच होता, पण तो लिहिणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता. मी रजेवर शेणव्याला घरी आले होते. सकाळीच आमच्या साहेबांचा फोन आला, "तू तिकडचीच आहेस ना? आत्ताच्या आत्ता मुरबाडला जा." लॅपटॉप पिशवीत घातला आणि मिळेल त्या जीपने निघाले.

झालं होतं असं. जवळच्या गावातल्या एका शेतकऱ्याने आदल्या संध्याकाळी कारखान्यातूनच एक पोतं नेलं होतं. पहाटे बैलांना तो खुराक घातला आणि थोड्या वेळात दोन्ही बैल थरथरायला लागले, तोंडाला फेस आला, पोटं फुगली. जनावरांच्या डॉक्टरांनी व्हिनेगर आणि गार पाणी पाजलं. एक बैल वाचला, एक गेला. या खुराकात थोडासा युरिया घालतात. प्रमाण बरोबर असेल तर तो जनावराला चालतो, जास्त झाला तर विष होतो. डॉक्टरांनी कारखान्यात फोन करून सांगितलं, "मी येऊन नमुने घेईपर्यंत मिक्सरला हात लावायचा नाही."

कोंडा, पेंड, भरडा हे सगळं माणसं घमेल्याने टाकत. युरिया मात्र कॉम्प्युटर तोलून सोडायचा. मिक्सर एकदा भरून रिकामा केला की ती एक घाणी. मिक्सरवर उभा राहायचा तो बाहेर बसलेला माणूस. गावाबाहेरच्या वाडीतला, जमीन नसलेला.

"त्यानेच वरून पोतं ओतलंय," मॅनेजर म्हणाले. "एका घाणीत गडबड झाली, संपला विषय. तुम्ही फक्त प्रोग्राम ठीक आहे असं लिहून द्या."

"कालचा बाकीचा माल कुठे आहे?"

"म्हशाच्या जत्रेला. सकाळीच टेंपो गेला. दुपारी स्टॉल लागेल."

त्या माणसाने चूक केली असेल, तर एकच घाणी बिघडली होती. पण चूक प्रोग्रामची असेल, तर काल निघालेलं प्रत्येक पोतं तसंच असणार होतं. आणि म्हशाच्या बैलबाजारात त्या दिवशी सगळ्या भागातले बैल उभे असणार होते.

प्रोग्राम चालवून बघायची सोय नव्हती. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर तो सुरू केला की युरियाची झडप उघडायची. माझ्या लॅपटॉपला वजनकाटा जोडलेला नव्हता, त्यामुळे तो पहिल्याच पायरीला थांबायचा. मी सगळ्या फाईली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि वाचायला बसले.

प्रमाणाची फाईल उघडली. एका घाणीला किती किलो युरिया सोडायचा, ते तिच्यात लिहिलेलं असतं. युरियाचा आकडा अगदी बरोबर होता. मॅनेजर खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, "बघा, मी सांगत होतो."

पण शेजारी जुन्या प्रोग्रामचं एक फोल्डर पडलेलं होतं. त्यातही प्रमाणाची फाईल होती, त्याच नावाची. पूर्वी इथे फार मोठा मिक्सर होता, ती त्याची. त्यातला युरिया आताच्या छोट्या मिक्सरमध्ये पडला, तर जे बैलांचं झालं तेच होणार.

आता प्रश्न असा होता की प्रोग्राम त्या फोल्डरमध्ये कशाला जाईल? हा प्रोग्राम पायथन भाषेत होता. त्याला एखादी फाईल लागली की तो ठरलेल्या फोल्डरांमध्ये ठरलेल्या क्रमाने शोधतो, आणि त्या नावाची पहिली सापडेल ती उचलतो. तो क्रम कुणीतरी मधेच बदलला असेल, तरच जुनी फाईल हाती लागणार. क्रम बदलायची जी नेहमीची आज्ञा असते, ती मी सगळ्या फाईलींमध्ये शोधली. एकदाही सापडली नाही.

"झालं?" मॅनेजरनी विचारलं. "मी पोलिसांना फोन लावतो. माणूस पळून जाईल."

"थांबा."

"किती थांबू?"

फाईली ढीगभर होत्या, डोळ्यांनी वाचायला दिवस गेला असता. आणि एक शंका मनातून जात नव्हती. तीच आज्ञा दुसरं नाव ठेवूनही लिहिता येते. मग नुसते शब्द शोधून काय मिळणार? शाळेत आपण वाक्यपृथक्करण करायचो, कर्ता कोण, कर्म कोण. प्रोग्रामचंही तसं करता येतं, आणि त्यासाठी तो चालवावा लागत नाही. मी घाईघाईने एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक फाईलचं व्याकरण उलगडणार होता, शोधाच्या क्रमाला कुणी दुसरं नाव दिलंय का बघणार होता, आणि त्या नावाने पुढे कुठे काय बदललं ते मला दाखवणार होता. पहिल्यांदा माझीच चूक झाली आणि तो मधेच बंद पडला. बाहेर तो माणूस कुणाला तरी सांगत होता, "घरी सांग, मी इथंच हाय."

दुसऱ्यांदा चालला. एकच ओळ समोर आली.

ती छपाईच्या भागात होती. लिहिणाऱ्याने शोधाच्या क्रमाला 'रस्ते' असं नाव दिलं होतं आणि पुढे जुनं फोल्डर त्या रस्त्यांच्या अगदी सुरुवातीला घातलं होतं. छपाईची एक जुनी फाईल तिथे होती, तेवढ्यासाठीच. परत काढायचं तो विसरला होता. म्हणजे आधी काही छापलं आणि मग दिवसाची पहिली घाणी केली, तर प्रमाणाची जुनीच फाईल उचलली जाणार. आणि एकदा उचलली की प्रोग्राम बंद करेपर्यंत तीच.

मी मागे वळले. "साहेब, छपाई कधी करता?"

"संध्याकाळी. दिवसाचा रिपोर्ट."

"काल सकाळी काही छापलं होतं?"

त्यांनी हातातला फोन खिशात ठेवला.

"लेबलं," ते म्हणाले. "जत्रेची लेबलं. मीच छापली. मिक्सर सुरू करायच्या आधी."

"मग टेंपोतलं सगळं तसलंच आहे."

टेंपोच्या ड्रायव्हरला फोन लागेना. आम्ही कारखान्याच्या जीपने निघालो. पोती ओळखायला मिक्सरवरचा माणूस हवा होता, म्हणून तोही मागे बसला. वाटेत बैल घेऊन चाललेले लोक मिळत होते, जीप अडकत होती, मॅनेजर हॉर्नवरचा हात काढत नव्हते. मागून तो माणूस पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "ताय, त्यात माजा नाव नाय ना आला?"

"नाय आला," मी म्हणाले. "तुमी काय नाय केला."

जत्रेत धूळ उडत होती. स्टॉल लागला होता. एक पोतं फोडलेलं होतं आणि विकणाऱ्या मुलीने चवीसाठी म्हणून घमेलं भरून एका पांढऱ्या बैलापुढे सरकवलं होतं. बैलाने मान खाली घातली. मी ओरडले, पण त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार? तो माणूस चालत्या जीपमधून उतरून धावला. त्याने लाथेनेच घमेलं उडवलं. बैल बुजला, कासरा ताणला गेला, बैलाच्या मालकाने त्या माणसाची गचांडी धरली.

"माजलास काय रे?"

"विष हाय त्यात," तो धापा टाकत म्हणाला. "खाल्ला काय त्याने? बघ ना, तोंड बघ त्याचा!"

मालकाने बैलाचं तोंड उघडून बघितलं. नाकाला थोडी भुकटी लागली होती, तोंडात काही नव्हतं.

मॅनेजरनी मग एक काम चांगलं केलं. जत्रेच्या लाउडस्पीकरवरून स्वतःच्या तोंडाने सांगितलं की आमच्या खुराकात चूक आहे, कुणी नेला असेल तर घालू नका. दोघे-तिघे पोती परत घेऊन आले, शिव्या देत. डॉक्टरांच्या नमुन्यात पुढे तेच निघालं.

संध्याकाळी मॅनेजर त्या माणसाला म्हणाले, "उद्यापासून कामावर ये."

त्याने त्यांच्याकडे बघितलं. "नाय," म्हणाला. "वाडीतली मानसं भट्टीवर चाललीत विटा पाडायला. मी पण जातो." आणि अंगावरची धूळ झटकून तो वाडीच्या दिशेने चालत गेला.

मी ती ओळ काढली, जुनं फोल्डर पुसलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेणव्याला परतले. आईने विचारलं, काय बिघडलं होतं? मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ज्याचा बैल गेला, त्याच्याकडे आता एकच बैल ना गो? नांगराला जोडी कुठून आणेल तो?"