मापाचा पट्टा

लिफ्ट दुरुस्त करणारी सगळी मंडळी त्याला हत्तीदादा म्हणायची, आणि तोही हसून ओ द्यायचा. कुणी काही बोलायच्या आत स्वतःच स्वतःच्या पोटावर विनोद करून मोकळं व्हायचं, ही त्याची वीस वर्षांची सवय. कामात मात्र एक नंबर. मोटारीचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा.

एक गोष्ट त्याने कुणाला कळू दिली नव्हती. लिफ्टच्या छपरावर चढून काम करताना कमरेला सुरक्षा पट्टा बांधावा लागतो. कंपनीचा पट्टा त्याला चार बोटं कमी पडायचा. मोठा मागायचा तर सगळ्यांदेखत कमरेचं माप सांगायला हवं. त्यापेक्षा तो दोन्ही टोकं सदऱ्याखाली खोचायचा आणि बांधल्यासारखं दाखवायचा.

मग त्याने पोटच कमी करायचं ठरवलं. नाश्ता बंद, दुपारचं जेवण बंद, संध्याकाळी दोन काकड्या.

"अहो, डबा तसाच का परत आला?" बायको विचारायची.

"गडबडीत राहिला."

तीन आठवड्यांत चेहरा उतरला, घरात चिडचिड सुरू झाली. पट्टा जेमतेम दोन बोटं जवळ आला.

एके दिवशी सातव्या मजल्याशी लिफ्टच्या छपरावर नट आवळताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हातातला पाना निसटून खोल खाली आदळला. मागे उभ्या जोडीदाराने त्याची कॉलर धरून त्याला तिथेच आडवं पाडलं, म्हणून बरं. पाणी पाजताना जोडीदाराला पट्ट्याची सुटी टोकं दिसली.

"दादा, हा बांधलेलाच नाही!"

"पुरत नाही रे."

"मग सांगायचं ना!"

"लाज वाटली."

जोडीदाराने ती टोकं हातात धरून पाहिली. मग हळूच म्हणाला, "आम्ही हत्ती म्हणतो तेव्हा तुम्ही हसता. वाटलं, तुम्हाला चालतं."

"नाही चालत," तो म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती रडली, रागावली आणि दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. साखर थोडी वाढली होती.

"वेळेवर जेवा आणि चाला," बाई म्हणाल्या. "बारीक व्हाल की नाही, सांगता येत नाही. पण दम कमी लागेल, झोप चांगली येईल."

साहेबांसमोर माप सांगताना त्याचे कान तापले. साहेबांनी मान वर न करता आकडा लिहून घेतला. सोमवारी नवा पट्टा आला. एवढंच होतं ते!

आता तो पोटभर नाश्ता करून निघतो आणि वरच्या मोटारीच्या खोलीकडे जिन्याने जातो. आधी तीन मजले, मग पाच, मग सगळे. जिन्यात भेटलेल्या एक आजी घाबरून म्हणाल्या, "लिफ्ट बिघडली की काय?"

"लिफ्ट ठणठणीत आहे, आजी. मीच सर्व्हिसिंगला आलोय."

वर्ष झालं. वजन म्हणाल तर किंचित उतरलं, पँटचं माप तेच आहे. पण साखर आटोक्यात आहे, गुडघे कुरकुरत नाहीत, आणि जोडीदार त्याला फक्त दादा म्हणतो. सुट्टीच्या दिवशी नवराबायको तळ्याला फेरी मारतात. अर्ध्या वाटेत बायको कमरेवर हात ठेवून थांबते.

"अहो, जरा हळू चला की!"

तो थांबतो, आणि दोघं बाकावर टेकतात.